यंत्राचा नकार आणि माणसाची सही

विज्ञानकथा म्हणजे मुलांचे मनोरंजन, असे आपल्या मंडळींत अजूनही म्हटले जाते. आम्हांस हे मत मान्य नाही. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये घरातला पडदाच माणसावर पाळत ठेवतो, डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये माणसाने घडविलेला यंत्रमानव त्यालाच धोका ठरतो. हा इशारा यंत्राला नाही, विवेक गहाण टाकणाऱ्या माणसाला आहे.

हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही इंदुरातील एका कार्यालयात गेलो. झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्राने नाकारला. आम्हांस वर्षानुवर्षे ओळखणारा बाबू म्हणाला, “साहेब, मशीन मानत नाही.” आम्ही तर समोर जिवंत उभे होतो!

शासकीय सेवेत आम्हीही अर्ज नाकारले. परंतु खाली आमची सही असे, तिच्याविरुद्ध अपील करता येई. यंत्राच्या नकाराखाली सही कोणाची?

यंत्रे अवश्य असावीत. त्यांनी पुष्कळांचे हेलपाटे वाचविले आहेत. मात्र प्रत्येक नकाराखाली जबाबदार माणसाची सही हवीच. ती मागण्याचे आपण सोडले, की कादंबरीतले राज्य दारी आलेच म्हणून समजावे.