चुकायला मुभा देणारी शाळा

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी एकच विषय निघतो. मुलाला कुठल्या शाळेत घालायचे? मराठी, कन्नड की इंग्रजी, हा वाद तर जुनाच. अलीकडे त्यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे ‘स्टेम’. सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथेमॅटिक्स या चार इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. शाळांच्या रंगीत माहितीपत्रकांवर हा शब्द ठळक छापलेला असतो. सोबत एक रोबो, दोन संगणक आणि पांढरा कोट घालून परीक्षानळीकडे पाहणारी सहा वर्षांची मुलगी. फीचा आकडा मात्र शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत!

पालकांची ओढ चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या मुलाला विज्ञान-गणित चांगले यावे असे कोणाला वाटत नाही? पण पहिली ते पाचवीच्या मुलाला विज्ञान येण्यासाठी नेमके काय लागते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. आपण प्रयोगशाळेची खोली पाहतो आणि निघून येतो. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब या २०१६ पासून सुरू झालेल्या योजनेतल्या प्रयोगशाळासुद्धा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचा उल्लेख आहे तोही सहावीपासूनच्या टप्प्यात. मग त्याआधीच्या पाच वर्षांत मुलाने काय कमवायचे?

मी विज्ञानाची प्राध्यापिका नाही. पदवी महाविद्यालयात मराठी शिकवते. तरी या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो. तास संपताना मी विचारते, ‘‘काही शंका?’’ समोर ऐंशी मुले-मुली असतात आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. विज्ञान शाखेतले सहकारीही हेच सांगतात. प्रात्यक्षिकात आकडा वेगळा आला की मुले ‘असे का झाले?’ म्हणून विचारत नाहीत. शेजाऱ्याच्या वहीतला बरोबर आकडा उतरवून मोकळी होतात. ही सवय अठराव्या वर्षी लागलेली नसते. तिचे मूळ शोधत गेलो तर आपण प्राथमिक शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या बाकापर्यंत पोहोचतो. तिथे कधीतरी उत्तर चुकलेले असते, वर्ग हसलेला असतो, आणि ‘पुन्हा तोंड उघडायचे नाही’ एवढा एकच धडा त्या मुलाने पक्का पाठ केलेला असतो.

याच्या अगदी उलट चित्र मला आपल्याच भागात पाहायला मिळाले. खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीला, जाणे झाले. दोन शिक्षक, कौलारू इमारत, प्रयोगशाळा वगैरे काही नाही. व्हरांड्यात पाण्याने भरलेले एक मोठे घमेले होते आणि बाजूला एक लहान कलिंगड, बटाटा, संत्री, खडा, लाकडाचा ठोकळा आणि मातीचा गोळा. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले ‘आपला अंदाज’ आणि दुसऱ्यावर ‘काय झाले’. प्रत्येक वस्तू पाण्यात टाकण्याआधी मुलांनी ती तरंगेल की बुडेल ते सांगायचे.

कलिंगड सगळ्यांत जड, तेव्हा ते बुडणार यावर जवळजवळ सगळ्यांचे एकमत. एका मुलाने तर पैज लावण्याची तयारी दाखवली! कलिंगड पाण्यात सोडले आणि ते डुलत डुलत तरंगू लागले. बाई त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, ‘‘बघ, तुझ्या अंदाजामुळे आपल्याला किती चांगला प्रश्न मिळाला. जड असूनही का तरंगलं?’’ मुलगा खट्टू झाला नाही. उलट तोच पुढे सरकून कलिंगड दाबून पाहू लागला. तेवढ्यात मागून एक मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, ‘‘ओळगे गाळि इरबेकु.’’ आत हवा असली पाहिजे. बाईंनी तिला ‘मराठीत बोल’ म्हणून थांबवले नाही. तिचे वाक्य जसेच्या तसे देवनागरीत फळ्यावर लिहिले, खाली मराठी अर्थ लिहिला आणि म्हणाल्या, ‘‘खरंच का ते तपासायचं कसं?’’

मग संत्र्यांची पाळी आली. एक सालीसकट, दुसरे सोललेले. सालीसकट असलेले तरंगले, सोललेले तळाला गेले. संत्र्याच्या सालीत बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. त्यामुळे सालीसह संत्रे त्याच्या आकारमानाच्या मानाने हलके पडते. पाण्यात वस्तू तरंगणार की बुडणार हे नुसत्या वजनावर ठरत नाही. तिने जेवढी जागा व्यापली तेवढ्या पाण्याच्या वजनाशी तिच्या वजनाची तुलना करावी लागते. शेवटी बाईंनी बुडालेला मातीचा गोळा घेतला, त्याची वाटी केली आणि ती अलगद पाण्यावर ठेवली. तीच माती, तेवढेच वजन, पण आता तरंगली. लोखंडाचे जहाज समुद्रावर कसे चालते ते चौथीच्या मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

खर्च किती झाला? बाजारातील फळांचा, आणि ती फळेही शेवटी मुलांच्याच पोटात गेली. या तासात विज्ञान होते, तुलना करण्याचे गणित होते, वाटीचा आकार बदलून पाहण्याचे इंजिनिअरिंगही होते. पण हे सारे घडले ते एका गोष्टीमुळे. त्या वर्गात चुकायला मुभा होती. विज्ञानाची रीतच अशी आहे की आधी अंदाज बांधायचा, मग तपासायचे, आणि फसला तर तो बदलायचा. ज्या वर्गात चुकण्याची भीती आहे तिथे मूल अंदाजच बांधत नाही. अंदाज नाही तर तपासणार काय? मग कितीही महागडे साहित्य आणले तरी ते कपाटातच शोभून दिसते.

शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे, हे मात्र आपण विसरतो. ‘मठ्ठ’, ‘ढ’ ही विशेषणे छडीपेक्षा कमी लागत नाहीत.

आपल्या परिसराला या विचारांची परंपरा आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. मुलांच्या अनुभवातून आणि शिक्षेच्या धाकाशिवाय शिक्षण कसे होते हे मराठी माध्यमाच्या एका साध्या शाळेत त्यांनी दाखवून दिले. इकडे कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलि-कलि’चा प्रयोग सुरू झाला. नलि-कलि म्हणजे आनंदाने बागडत शीक. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांपासून प्रेरणा घेऊन सरकारी शिक्षकांनीच तो उभा केला. मुले गटात बसतात, कार्डांच्या आधारे आपापल्या गतीने एकेक पायरी चढतात, आणि भिंतीवर खाली, मुलांच्या हाताला येईल असा फळा असतो. २००९ नंतर ही पद्धत राज्यभरातील सरकारी शाळांत पहिली ते तिसरीसाठी आली. जिथे शिक्षकांनी ती मनापासून घेतली तिथे मुले धीट झाली. जिथे कार्डे गठ्ठ्यातून सुटलीच नाहीत तिथे नुसते नाव उरले. म्हणजे पद्धत कितीही चांगली असो, वर्गातले वातावरण शेवटी माणसेच घडवतात.

आता आपल्या दुभाषी घरांकडे वळू. घरात आईशी मराठी, शेजारच्या अक्कांशी कन्नड, शाळेत तिसरीच भाषा, यामुळे मुलाचा गोंधळ होतो अशी पुष्कळ पालकांची तक्रार असते. मला वाटते, गणित-विज्ञानात ही आपली जमेची बाजू आहे. एक साधे उदाहरण घ्या. मराठीत आपण ‘पंचेचाळीस’ म्हणतो. आधी पाच ऐकू येतो, मग चाळीस. पण लिहिताना ४ आधी, ५ नंतर. त्यामुळे पहिली-दुसरीतली कित्येक मुले ५४ लिहून मोकळी होतात. कन्नडमध्ये ‘नलवत्तैदु’, म्हणजे चाळीस आणि पाच. जसे बोलायचे तसेच लिहायचे. ‘एकोणऐंशी’त तर ऐंशीचा आवाज येतो आणि लिहायचे असतात ७९. कन्नडमध्ये सरळ ‘एप्पत्तोंबत्तु’, सत्तर आणि नऊ.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात जुन्या पद्धतीबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचनही दिले, तेव्हा केवढे वादळ उठले होते! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्या वेळी दक्षिणेतल्या भाषांचाच दाखला दिला होता. तिथे ज्यावर वाद झडला ती सोय आपल्या मुलांना जन्मजात मिळालेली आहे. मूल संख्या लिहिताना अडखळले तर त्याला विचारा, ‘‘कन्नडमध्ये कसं म्हणशील?’’ दशक आणि एकक आपोआप वेगळे होतील.

विज्ञानातल्या शब्दांचेही तसेच. मराठीतले ‘गुरुत्वाकर्षण’ कन्नडमध्ये ‘गुरुत्वाकर्षणे’ होते. ‘प्रकाशसंश्लेषण’ला तिकडे ‘द्युतिसंश्लेषणे’ म्हणतात. द्युती म्हणजे प्रकाश, हे एकदा सांगितले की दोन्ही शब्द उलगडतात. म्हणून मुलाने प्रश्न ‘का?’ म्हणून विचारला काय आणि ‘याके?’ म्हणून विचारला काय, आधी प्रश्नाला उत्तर द्यावे. भाषा नंतर सुधारता येते. विझलेला प्रश्न पुन्हा पेटवणे कठीण.

प्रश्नाचा मान कसा राखावा हे थोरांकडून शिकावे. २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीसह मिळेल. आणि ते उत्तर पाठवीत. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला ज्यासाठी वेळ होता त्यासाठी आपल्याला नसावा?

तर पालकहो, यंदा शाळा पाहायला जाल तेव्हा संगणकाची खोली जरूर पाहा, पण थोडा वेळ वर्गाच्या दाराशीही उभे राहा. मुले प्रश्न विचारताना दिसतात का? उत्तर चुकल्यावर शिक्षक काय म्हणतात आणि बाकीची मुले काय करतात? भिंतीवर लावलेली कामे मुलांच्या हातची आहेत की थर्माकोलचा ज्वालामुखी बाबांनी रात्री जागून केलेला आहे? शिक्षकाला ‘मलाही माहीत नाही, आपण शोधू’ असे म्हणता येते का? या चार गोष्टी असतील तर ती शाळा मराठी असो, कन्नड असो वा इंग्रजी, सरकारी असो वा खासगी, तुमच्या मुलाचे विज्ञान तिथे सुरक्षित आहे. नसतील तर माहितीपत्रकातल्या रोबोचा काही उपयोग नाही.

शाळेबरोबर घरीही थोडे करता येईल. अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेला एक खेळ आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या (गुल काढून टाकलेल्या) जोडून एक त्रिकोण आणि एक चौकोन करायचा. बोटाने दाबला की चौकोन कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. मग मुलाला घराच्या कौलांखालची कैची दाखवा. तिथे त्रिकोणच का आहेत ते तो स्वतःच सांगेल.

आणि पाऊस तर आता दाराशीच येणार आहे. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळाचा वाकडा भाग खडे आणि पाणी घालून भरा, तिथे शून्याची खूण करा आणि वर पट्टी चिकटवा. झाले पर्जन्यमापक! बाटली उघड्यावर, झाड आणि वळचण टाळून ठेवावी. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, मुलांनीही तीच वेळ पाळावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पडला तर हजार लिटर. पंधरा लिटरच्या घागरी धरल्या तर सासष्ट घागरी भरून वर थोडे उरते. हा हिशेब पोराला स्वतः करू द्यावा.

शेजारच्या मुलाचा आकडा वेगळा आला तर कोणाचा बरोबर यावर वाद नको. दोघांच्या बाटल्या शेजारी ठेवून फरक का पडला ते त्यांनाच शोधू द्या.