सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

'वैश्विक' हा शब्द आपल्या जलशांत आणि व्याख्यानांत वारंवार ऐकू येतो. इस्लामचा पैगाम सर्व माणसांसाठी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण 'सर्व' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे नेमके कोण असते?

संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता, तेव्हा पहिल्याच कलमात 'ऑल मेन' असे शब्द होते. त्यात बायकाही आल्याच, असे अनेकांचे म्हणणे होते. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांनाही त्यात वावगे वाटत नव्हते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता मात्र अडून बसल्या. या शब्दाचा आधार घेऊन उद्या कोणी बायकांना वगळू शकेल, असा त्यांचा आक्षेप होता. अखेर 'ऑल ह्युमन बीइंग्ज' असे झाले. विवाहातील समान हक्कांच्या 16व्या कलमासाठी पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इकरामुल्ला बोलल्या. सौदी प्रतिनिधीला ते कलम मान्य नव्हते. म्हणजे मुसलमान दोन्ही बाजूंना होते. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये 48 मतांनी जाहीरनामा मंजूर झाला. विरोधात एकही मत नव्हते, 8 देश तटस्थ राहिले. (बहुतेक आफ्रिका तेव्हा गुलामीतच होती, तिला कोणी विचारले नाही.)

आता आपल्या घराकडे येऊ. सूरह निसाची सुरुवात सगळ्या माणसांना हाक मारून होते आणि वारशात मुलीचा हिस्साही त्याच सूरहमध्ये ठरवून दिला आहे. तो मुलाच्या निम्मा आहे, यावर वाद घालणारे घालोत. आपण तर तोही देत नाही. अब्बांचा चाळीसावा होतो न होतो तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. "लग्नात दिलं की सगळं," असे कोणी चाचा म्हणतात. "भावाचं दार बंद करून घेणार आहेस का?" असे फुफी विचारते, जिने स्वतः तीस वर्षांपूर्वी अशीच सही केलेली असते. बहीण सही करते आणि तिने राजीखुशीने सोडले, असे आपण चारचौघांत सांगतो.

तिला खरोखर सोडायचे असेल तर सोडू द्या. पण कागद पुढे करण्याआधी तिचा हिस्सा किती गुंठे होतो, एवढे तरी तिला सांगावे. बऱ्याच घरांत तेही सांगितले जात नाही.