घर कोणाच्या नावावर?

नागपूरला समुद्र नाही. आम्ही दोघं फुटाळ्याच्या काठावरच समाधानी. मुलांची लग्नं उरकल्यावर यंदा परवाना काढून कोचीहून लक्षद्वीपच्या जहाजावर चढलो. ‘समुद्रम्’ ही ५ दिवसांची सहल: रात्री प्रवास, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांवर उतरायचं. प्रवाळामुळे जहाज दूर थांबतं. हेलकावणाऱ्या होडीत उतरताना बेगमनं आमचा हात घट्ट धरला.

कवरत्तीला उजरा मशिदीचं कोरीव लाकडी छत पाहिलं, मिनिकॉयला १८८५ चं दीपगृह. मनात राहिली ती मात्र तिथली रीत. बेटांवर बहुतेक सगळे मुस्लिमच. तरी मिनिकॉयला लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. घर तिच्याकडचं.

परतीच्या रात्री डेकवर बेगम एवढंच म्हणाली, “तीस वर्षं सांभाळलं ते घर, पण कागदावर माझं नाव नाही.”

आम्ही गप्प. शरीअतनं बाईला मालकीचा हक्क कधीच दिलाय. राहिलं ते आमच्याकडूनच.

आता हिब्याचे कागद करायला दिलेत. वाचकहो, तुमच्या घराच्या कागदावर कोणाचं नाव आहे, आज बघाच.