घर हीच खरी व्यायामशाळा

गतवर्षीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी नित्य उशिरां येत असे. आम्हीं त्यास दोन वेळां वर्गाबाहेर उभें केलें, आणि तिसऱ्या खेपेस आम्ही त्याच्या घरीं गेलों. पाहतों तों त्याची अडीच वर्षांची बहीण स्टूल धरून उभी आहे, आणि तिचा तोल जाऊं नये म्हणून तो जमिनीवर बसून तिची कंबर सांभाळीत आहे. वडील पहाटेच कामावर गेलेले, आई स्वयंपाकांत. सकाळचा हा अर्धा तास त्याच्याकडे होता. उशिराचें कारण त्यानें कधीं सांगितलें नाहीं, कारण घरांतील मोठ्यांनीं तें बाहेर न बोलण्याविषयीं त्यास बजावलें होतें. त्या दिवशीं आम्हांस आमच्या शिक्षेची लाज वाटली.

त्या बालिकेस मेंदूचा पक्षाघात, डॉक्टरांच्या भाषेंत सेरेब्रल पाल्सी, आहे. जन्मापूर्वीं, जन्मसमयीं अथवा त्यानंतर लवकरच कोवळ्या मेंदूस इजा झाल्यानें हा विकार होतो. एकोणिसाव्या शतकांत लंडनचे शल्यवैद्य विल्यम लिट्ल यांनीं त्याचें सविस्तर वर्णन केलें होतें. हा विकार स्पर्शजन्य नाहीं. तो कोणाच्या पापाचें फळ तर नाहींच. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं तसें विचारलें तेव्हां प्रभूनेंच तें नाकारलें होतें. मेंदूची ती इजा पुढें वाढत नाहीं. परंतु मूल वाढूं लागतें तसतसे ताठर स्नायू आखडत जातात व सांधे वांकडे होण्याचा संभव असतो. म्हणून व्यायामोपचार, ज्यास आपण फिजिओथेरपी म्हणतों, लवकर सुरू करावा लागतो.

कित्येक पालक म्हणतात, "हें तज्ज्ञांचें काम, आम्हांस त्यांतलें काय कळे?" आमचें मत याहून निराळें आहे. आठवड्याचे तास १६८. त्यांपैकीं तज्ज्ञाच्या वांट्यास एक वा दोन येतात. बाकीचे सर्व घराचे. तज्ज्ञानें दाखवावें आणि घरानें तें रोजच्या व्यवहारांत उतरवावें. खुळखुळा हातीं न देतां किंचित् दूर ठेवावा, म्हणजे मूल हात लांबवील. जेवतांना पाय जमिनीस टेकतील अशा बुटक्या स्टुलावर त्यास बसवावें. चड्डी घालतांना आधार देऊन उभें करावें. खेळ कोठें संपला व व्यायाम कोठें सुरू झाला हें मुलास कळूं नये, हेंच यांतील कौशल्य.

तेलाच्या मालिशीवर आपल्या घरांत फार भिस्त असते. तींत माया आहे, व तिला आमचा विरोध नाहीं. पण मालीश दुसरा करतो आणि मूल निजून असतें. मूल स्वतः प्रयत्न करून जें करतें तेंच त्याच्या अंगवळणीं पडतें, असा अलीकडील संशोधनाचा कल आहे. तसेंच ताठलेला पाय जोरानें ओढून सरळ करूं नये. वेदना हें शिक्षण नव्हे.

"याचा मामाही उशिरांच चालला होता," असें म्हणत वर्ष वर्ष वाट पाहण्यानें मोठें नुकसान होतें. चौथ्या महिन्यांत मान न सांवरणारें, नवव्या महिन्यांत न बसणारें, दीड वर्षांत न चालणारें मूल डॉक्टरांस अवश्य दाखवावें. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें झाला; त्यान्वयें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां मुलांच्या विनामूल्य तपासणीची योजना आहे. तिचा लाभ घ्यावा.

आतां मुख्य गोष्ट. हा सर्व भार बहुधा एकट्या आईवर पडतो, आणि तिच्यानें न झालें म्हणजे दोषही तिलाच दिला जातो. हा अन्याय आहे. मार्ककृत शुभवर्तमानांतील पक्षघाती मनुष्यास चौघांनीं उचलून आणलें होतें. वाट मिळेना तेव्हां त्यांनीं छप्पर उघडलें. तें काम एकट्याचें नव्हतें. आई, बाप, भावंडें व शाळा हे आमच्या मतें आजचे ते चौघे. शाळेचा वांटा म्हणून त्या विद्यार्थ्यास दहा मिनिटें उशिरां येण्याची मोकळीक आम्हीं मुख्याध्यापकांकडून मिळविली. एवढें तरी आम्हीं पूर्वींच करावयास हवें होतें.

प्रत्येक मूल चालूं लागेल असें वचन कोणीही देऊं शकत नाहीं. कित्येकांस चाकांची खुर्ची लागेल, व तींत कमीपणा मुळींच नाहीं. स्वतः बसून आपल्या हातानें घांस तोंडीं नेणें हेंही थोडें नव्हे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं असें भावंड असेल तर त्यास लपवूं नका. त्याचा हात धरा. आणि त्यापायीं शाळेस उशीर झाला, तर कारण निर्भयपणें सांगा.