चिटबॉयला ठाऊक, दवाखान्याला नाही

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीरच्या शिवारांत खोपी उभ्या राहतात. बीड, धाराशिवहून, सीमेपलीकडच्या विजयपूरहून आलेल्या ऊसतोड टोळ्यांचा मुक्काम मग काही महिने इथेच. कोणत्या टोळीत किती कोयते (म्हणजे तोडणारी जोडपी), आज ती कोणाच्या फडात आणि उद्या कुठे, हे तोडणीची नोंद ठेवणाऱ्या साखर कारखान्याच्या चिटबॉयला नेमके ठाऊक असते. त्याच टोळीत सातवा महिना लागलेली बाई आहे का, हे मात्र जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला अनेकदा कळत नाही. आरोग्यातील समतेच्या परदेशी कल्पना कोल्हापुरात रुजवायच्या असतील, तर सुरुवात या खोपींपासून व्हायला हवी.

बाहेरच्या कल्पनांचे या शहराला वावडे नाही. राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा निघाला तेव्हा शाहू महाराज स्वतः विलायतेत होते. पुढे १९१९ मध्ये त्यांनी संस्थानच्या दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना समतेने वागवण्याचे हुकूम काढले. ज्या अधिकाऱ्यांना अशी वागणूक जमणार नाही त्यांनी राजीनामा द्यावा, असेही त्या काळच्या हुकुमांत बजावले होते. मिशनरी डॉक्टर वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय तेव्हा जवळच होते. महाराजांनी मात्र समता धर्मादायावर सोडली नाही, ती नोकरीची अट केली.

आज आरोग्यसमतेच्या चर्चासत्रांत ब्राझील, थायलंडचे दाखले दिले जातात आणि भोजनानंतर मंडळी पांगतात. कोल्हापूरला जवळचा दाखला वेगळाच आहे. दक्षिण आफ्रिकेत पोलेला या झुलू वस्तीत सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० च्या सुमारास आरोग्य केंद्र काढले. तेथे आजाराआधी घर, पाणी, परसबाग पाहिली जाई. जॅक गायगर नावाचा अमेरिकन विद्यार्थी ते पाहून गेला आणि पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने मिसिसिपीतील गरीब कृष्णवर्णीयांसाठी तसेच केंद्र उभारले. तेथील डॉक्टर कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर धान्य लिहून देत आणि किराणा दुकानाचे बिल केंद्र भरे. विहिरी खोदल्या, शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली. पोलेलाची नक्कल कोणी केली नाही. आपल्या रुग्णाला नेमके काय अडते, हा प्रश्न तेवढा तिथून उचलला. जामखेडचे आरोळे दांपत्यही अमेरिकेत शिकून आले आणि १९७० पासून गावातल्या बायकांच्या हाती आरोग्याचे काम देऊ लागले, तेही याच रीतीने.

आपल्या ऊसतोड मजुराला काय अडते? अमेरिकेतही पिकामागे फिरणारा शेतमजूर होता. त्याच्यासाठी १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सहीने आरोग्यसेवेचा स्वतंत्र कायदा झाला आणि अनेक ठिकाणी शेतातले काम संपल्यावर, संध्याकाळी दवाखाने भरू लागले. हे तसेच्या तसे इथे आणले तर फसेल. पहाटे फडावर गेलेले जोडपे कधी रात्री गाडी भरून परतते. शिवाय आपल्याकडे उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) आहे, मुकादम आहे आणि खाडा आहे. एक दिवस दवाखान्यात गेला की मजुरी बुडते, वर खाड्याचे पैसे कापले जातात. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, ते चांगलेच झाले. पण केसपेपरचे पैसे वाचले, तरी खाडा कोण भरणार?

या खाड्याची किंमत बीडने मोजली आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. शस्त्रक्रिया बीडमध्ये झाल्या म्हणून कोल्हापूरला हात झटकता येत नाहीत. राबणे आपल्यासारख्या साखरपट्ट्यातल्या फडांतच होते.

पैसा नाही ही सबब तर मुळीच चालणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले आहे. त्यातला वाटा जिथे ऊस तोडला जातो त्या तालुक्यात आरोग्यावर खर्च व्हावा. टोळीतलीच एक बाई आरोग्याच्या कामासाठी जामखेडच्या पद्धतीने शिकवून तयार करावी. तिला या कामाची मजुरी मिळावी, नाहीतर तोही तिच्यासाठी खाडाच. अमेरिकेतील गायगरच्या केंद्रासारख्या आरोग्य केंद्रांच्या संचालक मंडळावर निम्म्याहून अधिक सदस्य तिथले रुग्णच असावे लागतात. आपल्या रुग्ण कल्याण समित्यांवर ऊसतोड बाई शोधून पाहावी.

चिटबॉयच्या वहीतली यादी दर आठवड्याला आरोग्य केंद्राकडे जाणे आणि गरोदर बाईच्या तपासणीच्या दिवशी खाडा न धरण्याची अट मुकादमाच्या करारात घालणे, या दोन्ही गोष्टी कारखान्यांच्या अखत्यारीत आहेत. जिल्ह्यातले बरेच कारखाने सहकारी आहेत आणि त्यांच्या संचालकांत आमदार-मंत्र्यांची वानवा नाही. हंगामाआधीच्या वार्षिक सभेत ऊसदरावर घमासान होतेच; त्याच विषयपत्रिकेवर हे दोन ठराव घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.