घरकुल मंजूर, पण बांधायचे कुठे? डोळखांब परिसरातील जागेचा प्रश्न

शहापूर तालुक्यातील डोळखांब हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. पुढे डेहणे, चोंढे आणि आजोबाचा डोंगर. याच तालुक्यातील तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबई पिते. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही इथूनच सुरू झाला. फार्महाऊस आणि सेकंड होमच्या जाहिराती आता गुंठ्यांच्या भाषेत बोलतात. ज्यांच्याकडे विकायला जमीन आहे त्यांच्यासाठी हा काळ बरा असेल. ज्यांच्याकडे राहत्या घराखालची जमीनसुद्धा नावावर नाही, त्यांचे काय? शहापूर-मुरबाडच्या बौद्धवाड्यांमधील तरुणांनी हा प्रश्न आता हातात घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

घोषणा कमी नाहीत. 22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यातील 20 लाख मंजुरीपत्रे आणि 10 लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता असा मोठा कार्यक्रम झाला. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना आहेत. नावे वेगळी असली तरी बहुतेकांची पहिली अट एकच : बांधायला जागा दाखवा.

पैशाचा हिशेब

आधी पैसा पाहू. सर्वसाधारण ग्रामीण भागात घरकुलाचे अनुदान 1 लाख 20 हजार रुपये आणि घराचे क्षेत्र किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला साधारण 446 रुपये पडतात. त्यात रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी (2025-26 च्या 312 रुपये दराने 28,080), शौचालयाचे 12 हजार आणि राज्याने 2025 मध्ये प्रधानमंत्री आवासच्या दुसऱ्या टप्प्यासाठी जाहीर केलेले 50 हजार मिळवा. या 50 हजारांतले 15 हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी आहेत. सगळे पदरात पडले तरी बेरीज 2 लाख 10 हजारांच्या आसपास जाते, फुटाला सुमारे 780 रुपये. सिमेंट, लोखंड, खडी घाटाच्या पायथ्यापर्यंत आणायचे भाडे, गवंड्याची मजुरी आणि जून ते सप्टेंबर बंद पडणारे काम धरले तर एवढ्यात पक्के घर उभे करताना कर्ज काढावेच लागते. गरीब घराचे हे कर्ज बहुतेक वेळा बँकेचे नसते. सावकाराचे, नातेवाइकांचे किंवा बचत गटाचे असते.

म्हणून मिळणारा प्रत्येक हक्क वसूल करणे महत्त्वाचे. 2025 च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. रोजगार हमीचे हजेरीपत्रक वेळेत निघाले नाही तर 28 हजार बुडतात. मंजुरी मिळाली की दिवाळीनंतर लगेच पाया घेतला नाही, तर पाऊस येईपर्यंत स्लॅब पडत नाही आणि पुढचा हप्ता लांबतो.

जागा का नाही?

आपल्या पूर्वजांकडे जमीन होती ती वतनाची, गावकीच्या चाकरीच्या बदल्यातली. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले ते ही गुलामी मोडण्यासाठी. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. त्या जमिनी नवीन शर्तीने, म्हणजे भोगवटादार वर्ग 2 म्हणून परत मिळाल्या. अनेकांच्या हातून त्याही गेल्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 चे भूमिहीन सत्याग्रह झाले ते याच कारणाने. दोन-तीन पिढ्यांनंतर बौद्धवाडी तेवढीच राहिली आणि कुटुंबे वाढली. एका घरात तीन भावांचे संसार, घर आजोबांच्या नावावर आणि वारस नोंद झालेली नाही, असे चित्र आपण सगळे ओळखतो. यादी करताना मात्र ‘पक्के घर आहे’ अशी एकच खूण होते आणि तिन्ही भाऊ बाद होतात.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा हे घरपट्टी आकारणीचे रेकॉर्ड आहे. तेवढ्याने जागेची मालकी सिद्ध होत नाही. एप्रिल 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ही मोजणी गावठाणापुरती आहे. वाडी गावठाणाच्या हद्दीबाहेर असेल तर ती नकाशावर येतच नाही. आपली वाडी हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन तपासणे हे पहिले काम.

अनुसूचित क्षेत्राचा नियम

शहापूर तालुका पाचव्या अनुसूचीत येतो, मुरबाडचा काही भागही. इथे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. हा कायदा आपल्या वाटेतली अडचण आहे असे कोणी सांगत असेल तर त्याला साथ देऊ नये. हे संरक्षण सैल झाले तर जमीन बौद्ध भूमिहीनाकडे येणार नाही, ती प्लॉटिंगवाल्याकडे जाईल. आपला मार्ग वेगळा आहे : गावठाण विस्तार, शासकीय जमीन आणि बिगर-आदिवासी खासगी जमिनीची खरेदी.

खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी 50 हजार मिळत, आता 1 लाखापर्यंत मिळतात. म्हणजे फुटाला 200 रुपये, गुंठ्याला साधारण 2 लाख 18 हजार. भाव याच्या वर गेला की योजना कागदावर राहते. म्हणून ही रक्कम त्या भागातील रेडीरेकनरशी जोडण्याची मागणी व्हावी. ‘तुकडेबंदीमुळे एवढा लहान तुकडा खरेदी होत नाही’ हे उत्तरही आता पुरे नाही. मार्च 2024 च्या नियमांनुसार ग्रामीण घरकुल लाभार्थ्याला 1,000 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी मिळू शकते.

शासकीय जमिनीवरील 1 जानेवारी 2011 पूर्वीची राहती घरे नियमित करण्याचा निर्णय राज्याने फेब्रुवारी 2018 मध्ये घेतला. गायरानाचा विषय निघाला की सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालाचा (28 जानेवारी 2011) दाखला देऊन अर्ज परत केला जातो. त्याच निकालात अपवादही सांगितला आहे : शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना पट्टा दिलेला असेल तर नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. निकालाची प्रत सोबत ठेवा.

वनजमिनीवर राहणाऱ्यांसाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे. बिगर-आदिवासींना त्यात तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रात आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली. डोळखांबसारख्या जंगलाने वेढलेल्या भागात हा आदेश किती वाड्यांनी वापरला, याची माहिती अधिकारात विचारणा व्हावी.

ग्रामसभेत आपण कुठे?

पेसा कायद्यानुसार लाभार्थी निवडीचा अधिकार ग्रामसभेला आहे आणि सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आहे. ते योग्यच आहे. यामुळे अल्पसंख्य बौद्ध कुटुंबांचा आवाज पदावरून नाही, ग्रामसभेतूनच उठणार. कातकरी आणि ठाकूर वस्त्यांचा प्रश्नही आपल्यासारखाच आहे : राहते घर आहे, पण जमीन नावावर नाही. दोन्ही समाजांची एक यादी आणि एक ठराव झाला तर तहसील कार्यालयाला तो बाजूला ठेवणे जड जाईल.

कामासाठी आसनगाव-शहापूरला उतरलेल्या तरुणांसाठी दुसरा पर्याय आहे. शहापूर नगरपंचायत असल्याने तिथे प्रधानमंत्री आवास (शहरी) 2.0 लागू होते. त्यात घर बांधायला 2.5 लाखांपर्यंत साहाय्य, 25 लाखांपर्यंतच्या गृहकर्जावर 4 टक्के व्याज सवलत (कमाल 1 लाख 80 हजार) आणि परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे. भाड्याची घरे आपल्यासाठी विशेष महत्त्वाची, कारण आडनाव विचारून खोली नाकारणे अजून संपलेले नाही.

वाडीवाडीतले काम

येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक बौद्धवाडीतील चार-पाच तरुणांनी एक वही करावी. प्रत्येक घरासमोर लिहावे : जागा कोणाच्या नावावर, वारस नोंद झाली का, वाडी गावठाणात आहे का, वेगळी चूल असलेली कुटुंबे किती, जातीचा दाखला आहे का. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल तर मूळ जातीचा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा आधीच शोधून ठेवावा. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर मागावे. ही वही विहारात ठेवावी, म्हणजे कोणाही कुटुंबाला अर्ज भरताना ती उपयोगी पडेल.

ज्या माऊलीच्या नावाने ही योजना आहे तिने परळच्या बीआयटी चाळीतल्या लहानशा खोल्यांत संसार केला. तिच्या नावाचे घरकुल मंजूर होऊन जागेअभावी परत जात असेल, तर त्याचा जाब विचारणे आपले काम आहे. तो ग्रामसभेत, लेखी आणि पोच घेऊन विचारू या.

जय भीम.