सापशिडीतले पाप-पुण्य कोणी पुसले?

दिवाळीच्या सुटीत मूल संगणकापुढे बसले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यात पडद्यावर भुतेखेते दिसली, तर मग विचारायलाच नको! "सणासुदीचे हे काय अभद्र!" हा उद्गार कोपरीपासून कल्याणपर्यंत कोणत्याही दिवाणखान्यात ऐकू यावा. आमचे भांडण या उद्गाराशी आहे.

१९९३ साली जपानात 'कॉस्मॉलॉजी ऑफ क्योटो' नावाचा एक संगणकीय खेळ निघाला. हजार वर्षांपूर्वीची ती राजधानी, काळोखे रस्ते, भिक्षू, भिकारी आणि राक्षस. यात गुण मोजून कोणी जिंकत नाही. नुसते हिंडायचे, पाहायचे, वागायचे. मरण आले तरी खेळ संपत नाही! नरक पाहून पुन्हा जन्म घ्यायचा. आणि कर्म खोटे असेल, तर तो जन्म कुत्र्याचासुद्धा! शिवाय त्या नगरीच्या इतिहासाची माहितीही खेळातच जोडलेली.

वाचकहो, यात परके ते काय? जपानी नरकाचा न्यायाधीश एम्मा म्हणजे आपलाच यम. तिकडची करुणामूर्ती कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. जपानात तो अकरा मुखांनी पुजला जातो; आणि कोपरीहून पश्चिमेला येऊरचा जो डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आजही उभी आहे. त्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी होते, हे तिथले शिलालेखच सांगतात. आमच्या मुलांना मात्र क्योटोतले राक्षस ठाऊक, कान्हेरी ठाऊक ती सहलीपुरती!

आणि खेळातून कर्म शिकवण्याची युक्ती तरी जपानची कुठे? आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरा त्याला ज्ञानेश्वरांचे नाव जोडते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचे घर मोक्षाचे. हा भारतीय खेळ विलायतेत गेला, तिकडच्या नीतीची वस्त्रे ल्याला, पुढे तीही उतरली. आज घरोघर उरली ती सापशिडी : एक ते शंभर आकडे आणि एक फासा! साप का गिळतो, हे विचारण्याची सोयच उरली नाही. हा ठेवा आपण हसत हसत गमावला, आणि वर मुलांच्या खेळांना निरर्थक म्हणतो!

"पण भुतांनी अंधश्रद्धा वाढेल," असे सुधारक म्हणतील. आम्ही भुतावर विश्वास ठेवा म्हणत नाही. त्याची गोष्ट ऐका म्हणतो. धनात जीव गुंतलेला समंध लोभाविषयी बोलतो. सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुंजा अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याविषयी. वाटसरूला रात्रभर त्याच जागी फिरवणारा चकवा तर आपल्या सर्वांच्याच ओळखीचा! भीती दाखवून गप्प बसवणे ही अंधश्रद्धा; भीतीचे कारण विचारायला लावणे हे शिक्षण.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ठाणे-कल्याणात संगणक शिकलेली मुले थोडी नाहीत. त्यांनी कल्याण बंदरातून कान्हेरीला निघालेला एखादा वाटसरू पडद्यावर आणावा. वाटेत खाडी असावी, तिवरे असावीत, चकवा असावा, आणि केल्या कर्माचा हिशेब असावा. वडीलधाऱ्यांनी आठ्या पुसून त्यांना गोष्टी पुरवाव्यात. एवढेही जमत नसेल, तर निदान या दिवाळीत सापशिडीच्या प्रत्येक सापाला एकेका दुर्गुणाचे नाव तरी द्यावे. सर्वांत लांब सापाला आम्ही एक नाव सुचवतो : अनास्था!